कडेने कानाला लावायचा फोन

७ ऑक्टोबर २००३ रोजी नोकियाने एन-गेज नावाचा फोन बाजारात आणला. दोन्ही हातांत आडवा धरायचा, मध्ये स्क्रीन, डावीकडे दिशांची कळ, उजवीकडे आकड्यांची बटणं. गेम खेळताना तो बरा दिसायचा. पंचाईत व्हायची ती फोन आल्यावर. ऐकायची-बोलायची छिद्रं दर्शनी बाजूला नव्हतीच, ती होती कडेला. बशी उभी करून तिची कड कानाला टेकवावी, तसा हा फोन कानाला लावून बोलावं लागे. पुढे इंटरनेटवर हाताला लागेल ती वस्तू कडेने कानाला लावून फोटो टाकायची टूमच निघाली.

बोलण्याचं सोडा, गेम बदलायचा म्हणजे काय करावं लागे ते पाहा. गेम टपाल तिकिटाएवढ्या कार्डावर यायचा आणि कार्डाची खाच होती बॅटरीखाली. आधी फोन बंद करा. मागचं झाकण नखाने उचकटा. बॅटरी काढून मांडीवर ठेवा. जुनं कार्ड काढा, ते हरवणार नाही अशा जागी ठेवा, नवं बसवा, बॅटरी बसवा, झाकण दाबा, फोन चालू करा आणि तो जागा होईपर्यंत वाट बघा. एवढ्या वेळात कोणी फोन केला तर त्याला तुम्ही सापडणार नाही. निन्टेन्डोच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर हेच काम एक कार्ट्रिज ओढून दुसरं खुपसण्याइतकं होतं. गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी तेव्हा ९९ डॉलरला मिळे, एन-गेज २९९ डॉलरला. काही आठवड्यांतच अमेरिकेतल्या बड्या दुकानांनी त्यावर १०० डॉलरची सूट लावली.

आणि हे कोणी केलं? तर जगातला जवळजवळ दर तिसरा मोबाइल जिच्या कारखान्यातून निघत होता त्या कंपनीने. १९९७ साली ६११० या फोनमध्ये सापाचा गेम टाकून जगाला फोनवर खेळायची चटक लावली तीही हीच कंपनी. त्या सापाने आपल्याकडेही किती एसटी प्रवास सुसह्य केले याची गणती नाही. २००४ मध्ये नोकियाने एन-गेज क्यूडी काढला. त्यात कार्डाची खाच बाहेर आली, फोन सरळ कानाला लावता येऊ लागला. पण खर्च वाचवायला गाणी वाजवायची सोय आणि रेडिओ काढून टाकला. तोवर लोकांचं हसून झालं होतं, आणि ज्या वस्तूवर लोक हसून मोकळे झाले ती वस्तू पुन्हा गांभीर्याने विकणं फार अवघड असतं.

ही झाली फोनवाल्याने गेमच्या वाड्यात शिरायच्या प्रयत्नाची गोष्ट. या प्रकरणाचा प्रश्न उलट्या दिशेचा आहे. सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो या कन्सोल बनवणाऱ्या कंपन्या. गेमची अक्कल यांच्याकडे, बटणं कुठे असावीत हे यांना कळतं, मारिओसारखी पात्रं यांच्या पदरी. मग फोन यांनीच का काढू नये? आज जगात सर्वांत जास्त गेम खेळले जातात ते फोनवरच. हा प्रश्न दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी नव्याने विचारतं. गंमत म्हणजे तिन्ही कंपन्यांनी त्याची उत्तरं देऊन झाली आहेत. एकीने फोन काढला, दुसरीने फोनचा आख्खा धंदा विकत घेतला, तिसरीने फोन काढायचं नाकारलं.

त्या उत्तरांकडे जाण्याआधी कन्सोल म्हणजे नेमकं काय ते समजून घ्यायला हवं. टीव्हीखाली ठेवलेला डबा हे त्याचं दिसणारं रूप. धंद्याच्या हिशेबात ते अडत्याचं आवार आहे. बाजार समितीत माल शेतकऱ्याचा असतो, गिऱ्हाईक बाहेरून येतं, सौदा अडत्याच्या आवारात होतो आणि अडत्या आपली अडत कापून घेतो. कन्सोलवरही तेच. गेम दुसऱ्या कंपनीने बनवलेला, पैसे खेळणाऱ्याचे, आणि दर विक्रीमागे साधारण ३० टक्के कन्सोलवाल्याचे. (३० टक्के अडत म्हटली तर आपल्याकडे पहिल्याच दिवशी लिलाव बंद पडतील.) आवारात गर्दी जमावी म्हणून आवारात शिरणं स्वस्त ठेवायचं, म्हणजे डबा कमी किमतीला विकायचा. २००६ साली प्लेस्टेशन ३ अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलरला आला, तेव्हा नुसत्या सुट्या भागांचा आणि जोडणीचा खर्च ८०० डॉलरच्या वर जातो असा अंदाज यंत्र उघडून पाहणाऱ्या विश्लेषकांनी काढला होता. एपिक आणि अ‍ॅपल यांच्यातला खटला २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात चालला, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने साक्षीत सांगून टाकलं की एक्सबॉक्सचा डबा कंपनीने कधीच नफ्यात विकलेला नाही. निन्टेन्डो डब्यावरही चार पैसे ठेवते, पण तिचीही खरी कमाई गेमवरच.

फोनचा धंदा याच्या उलटा आहे. तिथे आवार आधीच दोघांनी वाटून घेतलं आहे: आयफोनवर अ‍ॅपलचं, बाकी बहुतेकांवर गूगलचं. सॅमसंग, शाओमी फोन बनवतात आणि फोन विकून जे सुटेल ते घेतात. त्यांच्या फोनवरच्या गेमची अडत मुख्यतः गूगलकडे जाते. आता एखाद्या कन्सोलवाल्याने अँड्रॉइडचा फोन काढला, तर डबा तो बनवणार, जाहिरात तो करणार, वॉरंटीचा ताप तो सोसणार आणि अडत मात्र दुसऱ्याला मोजणार. बरं, गूगलला टाळून स्वतःचं दुकान थाटलं तर? अ‍ॅमेझॉनने २०१४ मध्ये तेही करून पाहिलं. फायर फोनवर गूगलचं दुकान नव्हतं, अ‍ॅमेझॉनचं स्वतःचं होतं. काही महिन्यांतच कंपनीने १७ कोटी डॉलर बुडीत खात्यात टाकले, त्यातला मोठा वाटा या फोनचा. फोन घेणाऱ्या माणसाला गेमआधी नकाशा हवा असतो, बँकेचं अ‍ॅप हवं असतं, आणि मावशीने पाठवलेला सुप्रभातचा फोटोही हवा असतो.

आता सोनी. फोन-कन्सोल एकत्र करण्याचा सगळ्यांत प्रामाणिक प्रयत्न सोनीचाच. तिच्याकडे खरं तर काही कमी नव्हतं. १९९४ पासून प्लेस्टेशन होता, २००४ पासून खिशात मावणारा पीएसपी होता, आणि २००१ पासून स्वीडनच्या एरिक्सनबरोबर निम्म्या भागीदारीत सोनी एरिक्सन ही फोनची कंपनीही होती. २००५ मध्ये वॉकमनचं नाव फोनवर लागलं आणि ते फोन छान खपले. प्लेस्टेशनचं नाव फोनवर कधी लागणार याची लोक वर्षानुवर्षं वाट पाहत होते.

१३ फेब्रुवारी २०११ ला बार्सिलोनात तो फोन आला: एक्सपीरिया प्ले. हातात घेतला तर साधा अँड्रॉइड फोन, जरा जाडजूड. स्क्रीन अंगठ्याने वर सरकवली की खालून गेमपॅड बाहेर यायचा. डावीकडे दिशांची बटणं, उजवीकडे त्रिकोण, वर्तुळ, फुली, चौकोन ही प्लेस्टेशनची ओळखीची चार चिन्हं, मध्ये दांड्यांच्या जागी बोटाने घासायच्या दोन गोल चकत्या आणि मागच्या कडेला तर्जनीसाठी दोन बटणं. आत जुन्या प्लेस्टेशनचा क्रॅश बँडिकूट. कल्पना खोटी नव्हती, हाताला ती चांगली लागायची. मला तर हा फोन अजूनही देखणा वाटतो.

पण त्याआधी १७ दिवस, २७ जानेवारी २०११ ला, टोकियोत याच सोनीने पीएसपीचा वारसदार जाहीर केला होता. तोच पुढे पीएस व्हिटा म्हणून आला. म्हणजे एकाच घरातल्या दोन भावांनी एकाच गल्लीत, तीन आठवड्यांच्या आत, समोरासमोर दोन दुकानं मांडली. व्हिटाच्या एका मॉडेलमध्ये ३जीचं सिमही बसायचं, पण त्यावरून साधा फोन लावता येत नव्हता. एक्सपीरिया प्लेवरून फोन लावता यायचा, पण त्यावर प्लेस्टेशनचे नवे गेम नव्हते. होते ते पंधरा-पंधरा वर्षांपूर्वीचे. ज्याला गेम खेळायचे त्याने व्हिटाची वाट पाहिली, ज्याला फोन हवा त्याने सडपातळ फोन घेतला. सोनीने फोनवर ‘प्लेस्टेशन’ असं नाव घातलंच नाही, फक्त ‘प्लेस्टेशन सर्टिफाइड’ असा शिक्का दिला. स्वतःच्याच लेकराला आडनाव देताना अडखळावं तसं ते होतं.

त्यापुढचं दुखणं वेळापत्रकाचं. कन्सोल सहा-सात वर्षं तोच राहतो. त्या भरवशावर गेम बनवणारे दोन-तीन वर्षं खपतात, कारण आज सुरू केलेला गेम उद्या चालेल याची त्यांना खात्री असते. फोन वर्षात जुना होतो. एक्सपीरिया प्ले बाजारात येऊन वर्ष होतं न होतं तोच, मे २०१२ मध्ये, सोनीने जाहीर केलं की अँड्रॉइडची पुढची आवृत्ती या फोनला मिळणार नाही. तिच्यावर गेम नीट चालत नाहीत. फोन म्हणून तो तिथेच संपला, आणि फोन संपल्यावर गेमचं यंत्र म्हणून तो कोण जवळ बाळगणार? दुसरा एक्सपीरिया प्ले निघाला नाही. व्हिटाचंही फार बरं झालं नाही. पुढे तर सोनीने त्याचे वेगळे आकडे देणंच थांबवलं. सोनी फोन अजूनही बनवते. त्यांच्यातून गेमपॅड सरकून बाहेर येत नाही.

मायक्रोसॉफ्टची गोष्ट रकमेने मोठी, शहाणपणाने छोटी. २०१० मध्ये आलेल्या विंडोज फोनमध्ये एक्सबॉक्सचा विभाग होता, घरच्या कन्सोलवर मिळवलेली पदकं फोनवर दिसायची. फोन दिसायला नेटके होते, पण लोकांना हवी ती अ‍ॅप्स नव्हती. अ‍ॅप्स नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून अ‍ॅप्स नाहीत. यावर उपाय म्हणून २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनचा धंदाच विकत घेतला, ७ अब्जांहून जास्त डॉलर मोजून. (एन-गेजवाली नोकिया आणि एक्सबॉक्सवाली मायक्रोसॉफ्ट एका छताखाली आल्यावर काय होऊ शकलं असतं, याची मी थोडा वेळ कल्पना करून पाहिली आणि सोडून दिली.) २०१५ च्या जुलैत ७.६ अब्ज डॉलर बुडीत धरले गेले आणि ७,८०० माणसांच्या नोकऱ्या गेल्या. २०२३ मध्ये याच कंपनीने सुमारे ६९ अब्ज डॉलरला अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड घेतली. त्या पोतडीत कँडी क्रश बनवणारी किंग होती. फोनवर जायचं तर फोन बनवायची गरज नाही, फोनवर चालणारा गेम आपला असला की पुरे, हे कळायला मधली आठ वर्षं गेली.

पैशाचा हिशेब बाजूला ठेवला तरी शरीराचा हिशेब उरतोच. टीव्हीखालचा आजचा कन्सोल गेम चालवताना २०० वॉटच्या आसपास वीज खातो आणि आतला पंखा ती उष्णता मागून बाहेर फेकतो. फोनला पंखा नाही. चार-पाच वॉटच्या पुढे तो फार वेळ जाऊ शकत नाही. गेला तर तळहाताला चटका लागायला लागतो, म्हणून फोन स्वतःच आपला वेग कमी करतो. पहिली दहा मिनिटं भन्नाट चाललेला गेम विसाव्या मिनिटाला अडखळतो तो यामुळे. पंखा घातला तर फोन जाड होतो, बटणं घातली तर आणखी जाड होतो, आणि मग तो फोन म्हणून कोणाला नको असतो.

बॅटरीचं आणखीच वेगळं. हातातल्या कन्सोलची बॅटरी संपली तर पोरगं कुरकुरतं. फोनची संपली तर ओटीपी येत नाही, रिक्षा बोलावता येत नाही, आईला पोचल्याचं कळवता येत नाही. आणि घरात हे रोज दिसतं: आईचा फोन मुलाच्या हातात, गेम अगदी शेवटच्या टप्प्यावर, तेवढ्यात आजीचा फोन येतो. स्क्रीनवरचा शत्रू गायब, त्या जागी आजीचं नाव. मुलगा तो फोन कापतो आणि पुढचा अर्धा तास घरात त्यावरून बोलाचाली चालते. गेमला अखंड वेळ लागतो, आणि फोन हे यंत्रच व्यत्ययासाठी बनवलेलं आहे.

निन्टेन्डोला हे आधीपासून उमगलं होतं असं म्हणायला मी धजावणार नाही. त्या कंपनीची खोड वेगळीच आहे आणि तिनेच तिला तारलं. १९८९ चा गेम बॉय घडवणारे गुनपेई योकोई म्हणत, की ताज्या तंत्रज्ञानामागे धावू नये, मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यावं आणि ते अनपेक्षित जागी वापरावं. गेम बॉयचा पडदा हिरवट, एकरंगी होता. प्रतिस्पर्ध्यांकडे रंगीत पडदे होते, पण ते सेल भराभर संपवायचे. गेम बॉय चार सेलांवर कितीतरी तास चालायचा. रंगीत आवृत्ती धरून तो जवळपास १२ कोटी खपला. मुरलेल्या लोणच्यावर जगणाऱ्या या घराला दरवर्षी नवी चिप, नवा कॅमेरा, नवी काच अशा फोनच्या शर्यतीत उतरवणं म्हणजे आजीला मॅरेथॉनला उभं करणं.

तरी एक वेळ अशी आली की निन्टेन्डोने आता हट्ट सोडावा असं सगळ्यांनाच वाटत होतं. फेब्रुवारी २०११ मध्ये ३डीएस जपानात २५,००० येनला आला आणि पडून राहिला. सहा महिन्यांत किंमत १५,००० येनवर आणावी लागली, अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. मार्च २०१२ ला संपलेल्या वर्षात कंपनीला ४,३२० कोटी येनचा तोटा झाला. गुंतवणूकदार म्हणत होते, मारिओ आयफोनवर आणा, सगळं ठीक होईल. त्यांचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. आधीचा डीएस १५ कोटींहून जास्त खपला होता. ३डीएस शेवटी ७ कोटी ६० लाखांच्या आसपास थांबला. मधले आठ कोटी कुठे गेले? बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर दहा मिनिटं काढायला जे लोक डीएस उघडत, ते आता फोन उघडत होते.

इथे समोरच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम मुद्दा मांडायलाच हवा. फोनने कॅमेरा खाल्ला, घड्याळ खाल्लं, टॉर्च खाल्ला, गाण्याचं यंत्र खाल्लं. अ‍ॅपलने हे ओळखलं आणि आयपॉड जोरात खपत असतानाच २००७ मध्ये आयफोन काढला. आपलं यंत्र कोणीतरी खाणारच असेल तर आपणच खाल्लेलं बरं. मग निन्टेन्डोने तेच का करू नये? फरक एवढाच, की गाणं सगळीकडे तेच वाजतं. लताबाईंचं गाणं आयपॉडवर, नोकियावर, चिनी मेमरी कार्डावर सारखंच गोड. म्हणून गाण्याच्या यंत्राला फोनपासून वाचवणारं काहीच नव्हतं. झेल्डाचा नवा गेम मात्र निन्टेन्डोच्या यंत्राखेरीज कुठेच मिळत नाही, आणि त्यासाठी लोक वेगळं यंत्र घेतात. शिवाय अ‍ॅपलने आवारही स्वतःचं उभं केलं होतं. ती संधी २००८ च्या आसपास होती. नंतर आलेल्यांना उभं राहायला जागाच उरली नाही.

इवातांनी मधला रस्ता काढला. १७ मार्च २०१५ ला त्यांनी डीएनए या मोबाइल गेमच्या जपानी कंपनीशी हातमिळवणी जाहीर केली आणि त्याच व्यासपीठावरून हेही सांगितलं की ‘एनएक्स’ या सांकेतिक नावाने नव्या कन्सोलचं काम चालू आहे. पात्रं फोनवर जातील, कन्सोल आपलाच राहील. चार महिन्यांत ते वारले, वयाच्या ५५ व्या वर्षी. पुढच्या वर्षी नायन्टिकच्या पोकेमॉन गोने जग वेडं केलं. मुंबई-पुण्यातही पोरं फोन पुढे धरून गल्लीबोळांत फिरताना दिसू लागली. निन्टेन्डोचा शेअर दुपटीवर गेला. मग कंपनीने खुलासा केला की गेम आमचा नव्हे, आमच्या वाट्याला यातून फार येणार नाही. आणि एका दिवसात शेअर सुमारे १८ टक्के कोसळला. असा खुलासा आपणहून करणारी कंपनी विरळाच. डिसेंबर २०१६ मध्ये मारिओ खुद्द आयफोनवर आला, पूर्ण गेम १० डॉलरला. उतरवून घेणारे कोट्यवधी, पैसे मोजणारे थोडे. फोनवर गेम फुकट असतो ही सवय एकदा लागली की मारिओलाही उधारीवर बसवतात.

आणि ३ मार्च २०१७ ला तो एनएक्स आला, स्विच नावाने. त्यातली एनव्हीडियाची टेग्रा एक्स१ ही चिप २०१५ ची, म्हणजे बाजारात येतानाच दोन वर्षं मुरलेली. तीच चिप किरकोळ सुधारून २०२५ पर्यंत चालवली. २०१५ ची चिप असलेला फोन २०२५ मध्ये कोणी फुकट दिला तरी घरात नको वाटेल. स्विच मात्र १५ कोटींहून जास्त खपला.

तेव्हा गेमवाल्यांनी फोन काढावा का? माझं उत्तर नाही असं आहे. ज्यांना तरीही वाटतं त्यांनी स्विच एकदा हातात घेऊन बघावा. त्याला सिम नाही, फोनसारखा कॅमेरा नाही, त्यावरून फोन लागत नाही. इतकंच काय, पहिल्या स्विचवर निन्टेन्डोच्या स्वतःच्या गेममध्ये खेळता खेळता जोडीदाराशी बोलायचं झालं, तर कंपनी सांगायची: खिशातला तुमचा फोन काढा आणि त्यावर आमचं अ‍ॅप उघडा.